सुटतं कोण?

डिचोली, गोवा
आषाढ पौर्णिमा

चि. बाय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा प्रश्न दोन ओळींचा आहे, पण फोनवर उत्तर द्यायला बसले तर तुझी बस चुकेल आणि इथे माझा भात करपेल. म्हणून लिहिते.

बुद्धाने आत्मा मानला नाही, मग जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटतं कोण, असं तू विचारलंस. आणि खाली पुस्ती जोडलीस, की विपश्यनेच्या शिबिराला जाण्याआधी हे समजायलाच हवं का? पुस्तीचं उत्तर आधी देते. सगळं समजायला नको. पण फेरा कशाने फिरतो आणि कुठे अडवता येतो, एवढं तरी डोक्यात घेऊन जा. नाहीतर दहा दिवस गुडघे दुखवून घेशील आणि ‘छान शांत वाटलं’ म्हणत परत येशील. तेवढ्यासाठी मोरजीच्या किनाऱ्यावर बसलं तरी पुरतं.

आपल्याकडे कीर्तनात मोक्ष म्हटला की आत्मा देह टाकून परमात्म्याला मिळतो, हेच चित्र डोळ्यांपुढे येतं. ते घेऊन पाली वचनं वाचायला गेलं की माणूस अडखळतोच. बुद्धाच्या हयातीत त्याचे स्वतःचे भिक्खूही अडखळले होते. मज्झिमनिकायात, म्हणजे बुद्धाच्या प्रवचनांच्या एका पाली संग्रहात, साती नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. हा कोळ्याचा मुलगा. तेच एक विञ्ञाण, म्हणजे जाणीव, एका जन्मातून दुसऱ्या जन्मात भटकत राहतं, अशी बुद्धाची शिकवण असल्याचं तो सांगत सुटला. बुद्धाने बोलावून विचारलं, कुठलं विञ्ञाण? साती म्हणाला, जो बोलतो, अनुभवतो आणि बऱ्यावाईट कर्मांची फळं भोगतो तो. बुद्धाने त्याला सगळ्यांसमोर ‘मोघपुरुष’ (पोकळ माणूस) म्हटलं, म्हणजे चांगलंच झापलं. कारणावाचून विञ्ञाण उत्पन्न होत नाही, हे मी किती वेळा सांगितलं! डोळा आणि रूप यांच्यामुळे उठलं तर ते चक्षुविञ्ञाण, कान आणि शब्द यांच्यामुळे उठलं तर श्रोत्रविञ्ञाण. आगीला जसं इंधनावरून नाव पडतं, लाकडाची आग, शेणीची आग, तुसाची आग, तसंच हे.

म्हणजे प्रवासाला निघालेला प्रवासी असा कुणी नाहीच. कारणं आहेत, त्यांची फळं आहेत, आणि त्या फळांतून पुन्हा नवी कारणं. राजा मिलिंदाने नागसेन भिक्खूला विचारलं होतं, पुन्हा जन्मतो तो तोच असतो की दुसरा? नागसेनाने रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला दिला. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच म्हणता येत नाही, पण दिवा दुसरा होता असंही कुणी म्हणत नाही. ‘न च सो, न च अञ्ञो’: तोही नाही आणि वेगळाही नाही. आणि इंधन संपून आग विझली की ती पूर्वेला गेली की पश्चिमेला? वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाला बुद्धाने हाच उलट प्रश्न केला. मुक्त झालेला मरणानंतर कुठे जन्मतो, जन्मतो की जन्मत नाही, असे चारही पर्याय वच्छगोत्ताने पुढे केले होते, आणि एकही लागू पडत नाही असं उत्तर त्याला मिळालं.

तेव्हा ‘सुटतं कोण’ हा प्रश्न तू जरा बाजूला ठेव. त्यात ‘कोणीतरी आहे’ हे आधीच गृहीत धरलेलं आहे. बुद्धाने नेहमी प्रश्न बदलून घेतला: हे कशामुळे होतं, आणि काय थांबलं की हे थांबतं?

त्याचं उत्तर बारा कड्यांत आहे. पाली नावंच लिहिते, शिबिरात तीच कानावर पडतील. अविज्जेमुळे (अज्ञानामुळे) संखार म्हणजे मनाचे संस्कार, संखारांमुळे विञ्ञाण, त्यामुळे नामरूप म्हणजे मन आणि देह, त्यामुळे सळायतन (डोळा, कान, नाक, जीभ, शरीर, मन ही सहा दारं), त्यामुळे फस्स म्हणजे स्पर्श, स्पर्शामुळे वेदना (नुसतं दुखणं नव्हे, तर सुखद, दुःखद किंवा मधली कुठलीही जाणीव), वेदनेमुळे तण्हा म्हणजे हव्यास, तण्हेमुळे उपादान म्हणजे घट्ट धरून बसणं, त्यामुळे भव म्हणजे नव्या असण्याची घडण, भवामुळे जाति म्हणजे जन्म, आणि जन्मामुळे जरामरण, शोक, रडणं, दुःख. साखळी पाठ होण्यात काही विशेष नाही, पोरंही पाठ करतात. अट्ठकथाकारांनी, म्हणजे जुन्या भाष्यकारांनी, तिची जी वाटणी केली ती मात्र नीट बघ. पहिल्या दोन कड्या मागच्या जन्माच्या, विञ्ञाणापासून भवापर्यंतच्या आठ या जन्माच्या आणि शेवटच्या दोन पुढच्या. मधल्या आठांचेही दोन भाग पडतात. विञ्ञाणापासून वेदनेपर्यंतच्या पाच कड्या म्हणजे जुन्याचं फळ. तण्हा, उपादान आणि भव या तीन म्हणजे नवी पेरणी. फळ येऊन पडलेलं असतं, त्यात आता बदल होत नाही. पेरणी अजून आपल्या हातात असते. सगळी साधना, मग ती बर्मी पद्धतीची असो की सिंहली, वेदना आणि तण्हा यांच्या मधल्या बारीक फटीत चालते.

दिवाडीच्या खाजनातली, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतातली, मानस (बांधातलं पाण्याचं दार) तू पाहिलेली आहेस. भरती चढली की खारं पाणी बांधाशी येणारच, त्याला कुणी अडवू शकत नाही. मानशीची लाकडी दारं त्या पाण्याच्या रेट्यानेच मिटतात आणि आतलं शेत वाचतं. वेदना म्हणजे ही भरती, आणि सति, म्हणजे सावध भान, ही मानस. समुद्र आटवायला बुद्धाने कुणालाच सांगितलेलं नाही.

आता हे रोजच्या व्यवहारात बघ. तू कुणाला मेसेज पाठवलास, दोन निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर आलं नाही. डोळ्याला खुणा दिसल्या, हा फस्स. पोटात बारीकसं काहीतरी आवळलं, ही दुःख वेदना. इथपर्यंत तुझा काही गुन्हा नाही. मग ‘उत्तर यायलाच हवं’, ही तण्हा. ‘मला मुद्दाम टाळतात’, हे उपादान. दहा मिनिटांनी ‘जिला सगळे टाळतात अशी मी’ उभी राहते, हा भव आणि ही जाति. रात्री उत्तर आलं की ती ‘मी’ मरते, आणि सकाळी दुसऱ्या कशावरून तरी नवी जन्माला येते. जन्ममरण म्हणजे एवढंच, असं मी म्हणत नाही. पण एका संध्याकाळी चार वेळा घडणारं हे जन्ममरण ज्याला दिसत नाही, त्याने मोठ्या फेऱ्यावर वाद घालू नये असं माझं मत आहे.

आवळल्यासारखं वाटलं त्या क्षणी काय करायचं? ते हाकलायचं नाही आणि त्याच्यामागे धावायचंही नाही. ते कुठे आहे, केवढं आहे, वाढतंय की उतरतंय, एवढंच बघायचं. वाढतं, टिकतं, उतरतं. असं हजार वेळा पाहिल्यावर ‘अनिच्च’, म्हणजे सगळं अनित्य आहे, ही ऐकीव गोष्ट राहत नाही. मानस नुसती मिटून धरणं ही तात्पुरती सोय आहे. खारं पाणी आपलं नव्हेच, हे कळणं म्हणजे पञ्ञा, आणि मुळातली अविज्जा कापते ती पञ्ञाच.

वेदनेच्या बाबतीत सर्वांत नेमकं कोण बोललं असेल तर ती धम्मदिन्ना भिक्खुणी. विशाख उपासकाने तिला प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि तिने सगळ्यांची उत्तरं दिली. पुढे बुद्ध म्हणाला, मला विचारलं असतंस तर मीही हेच सांगितलं असतं. ती सांगते, सुखद वेदनेच्या तळाशी राग म्हणजे आसक्ती दडलेली असते, दुःखद वेदनेच्या तळाशी पटिघ म्हणजे चीड, आणि जी ना सुखाची ना दुःखाची तिच्या तळाशी अविज्जा. तिसरीकडे कुणाचं लक्ष जात नाही. सुख आणि दुःख ओरडून सांगतात. मधल्या सपाट वेळेत आपण फोन काढतो, फ्रीज उघडतो, उगाच कुणाबद्दल तरी बोलतो. खाजनात मानस शाबूत असूनही कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) पोखरलेल्या बांधातून पाणी आत शिरतं, त्यातलाच हा प्रकार. शिबिरातही तिसऱ्या वेदनेकडे बघ. जिथे ‘काहीच जाणवत नाही’ तिथे जाणीव नेऊन मिनिटभर थांबायचं.

आता शील. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक गाळतात आणि मग ध्यान लागत नाही म्हणून कुरकुरतात. अंगुत्तरनिकायात कारणांची ओळ सरळ दिली आहे: शील असलं की पश्चात्ताप नसतो, पश्चात्ताप नसला की मनाला प्रमोद म्हणजे प्रसन्नता, त्यातून पीति म्हणजे आनंद, मग शरीराची शांती, मग सुख. सुखी चित्त आपोआप समाधीत जातं. समाधीतून यथार्थ ज्ञान, त्यातून निब्बिदा म्हणजे विटणं, विराग आणि शेवटी विमुक्ती. दिवसा खोटं बोललेलं रात्री डोळे मिटल्यावर वर येतं, इतकं साधं आहे हे. पाच शीलं तुला माहीत आहेत: जीव न घेणं, चोरी न करणं, व्यभिचार न करणं, खोटं न बोलणं, नशा न करणं. पाचव्यात बिअर, फेणी, हुर्राक सगळं आलं. ‘सीझनला थोडीशी’ अशी पळवाट त्यात नाही.

पहिल्या शीलावरून आपल्या घरात हमखास वाद होणार, म्हणून मासळीचं आत्ताच सांगून टाकते. थेरवाद परंपरेत, म्हणजे पाली ग्रंथ मानणाऱ्या जुन्या बौद्ध परंपरेत, शील मोडतं ते जाणूनबुजून जीव घेतल्याने किंवा घ्यायला लावल्याने. बाजारात बर्फावर पडलेला बांगडा विकत आणणं त्यात बसत नाही. पण जिवंत कुर्ल्या आणून उकळत्या पाण्यात सोडणं, तिसऱ्या (शिंपल्या) आगीवर ठेवून उघडण्याची वाट बघणं, हा स्वतःच्या हाताने घेतलेला जीवच. कोळणीला ‘माझ्यासाठी ताजी मारून दे’ म्हणणंही त्यातच येतं. शिबिरात जेवण शाकाहारीच असतं, तेव्हा तिथे प्रश्न नाही. घरी आल्यावर तुझं तू ठरव.

बसायचं कसं, ते आतापासून सुरू कर. सकाळी अर्धा तास पुरे. मांडी जमत नसेल तर खुर्चीवर बस, पाठ मात्र टेकवू नकोस. खाली चार बोटं उंचीची उशी घेतलीस तर गुडघे जमिनीकडे उतरतात आणि कंबर मागे ढळत नाही. पायाला मुंग्या येतात त्या बहुधा या उंचीअभावी. नाकपुड्यांच्या कडा आणि वरचा ओठ एवढ्याच जागेवर श्वास कळतो का बघ. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही. हा प्राणायाम नव्हे. मन पळत असेल तर विसुद्धिमग्ग या जुन्या पाली साधनाग्रंथात श्वास मोजायची रीत दिली आहे. पाचांच्या आत थांबू नये, दहांच्या पुढे जाऊ नये, मधला आकडा गाळू नये. पाचांहून कमी घेतले तर चित्त कोंडल्यासारखं धडपडतं, दहांपुढे गेलं तर ते श्वास सोडून आकड्यांनाच चिकटतं. श्वासावर मन टिकायला लागलं की मोजणी सोडून द्यायची. ती कुबडी आहे, दागिना नव्हे. (शिबिरात मात्र मोजू नकोस. तिथे जी पद्धत सांगतील तीच धर. दोन पद्धतींची भेसळ केली की दोन्ही वाया जातात.)

काय बिघडतं, तेही सांगते. झोप येते. झोपेशी महामोग्गल्लानासारखा बुद्धाचा पट्टशिष्यही झगडला, आणि त्याला बुद्धाने दिलेले उपाय अगदी घरगुती आहेत: ज्या विचाराने पेंग आली तो सोडून दे, पाठ असलेलं आठव, कान ओढ, हातपाय चोळ, उठून डोळ्यांना पाणी लाव आणि नक्षत्रांकडे बघ, फेऱ्या मार. काहीच चाललं नाही तर उजव्या कुशीवर नीजच, पण उठायची वेळ मनात ठरवून. मन सुस्तावलेलं असताना आणखी शांत व्हायचा प्रयत्न करू नये. सात बोज्झंगांपैकी, म्हणजे ज्ञानाच्या अंगांपैकी, धम्मविचय (तपासून बघणं), विरिय (उत्साह) आणि पीति यांची ती वेळ. मन उधळलेलं असताना उलट पस्सद्धि (शांतता), समाधि आणि उपेक्खा (समभाव). सति दोन्हीकडे लागते. बहुतेक लोक उलटा उपाय करतात. पेंगत असताना ‘रिलॅक्स’ होतात आणि अस्वस्थ असताना जोर लावतात.

दुसरा बिघाड जास्त फसवा. पाचव्या-सहाव्या दिवशी कुणाकुणाला उजेड दिसतो, अंगभर झिणझिण्यांचा सुखद प्रवाह वाहतो, श्रद्धेने डोळे भरून येतात. विसुद्धिमग्गाने अशी दहा लक्षणं मोजून त्यांना नाव दिलंय विपस्सनेचे उपक्लेश, म्हणजे मळ. ती आली म्हणून काही बिघडत नाही. ‘मला झालं’ असं वाटणं आणि उद्याच्या बैठकीत ती पुन्हा यावीत म्हणून वाट बघणं, हा मळ. दहावं लक्षण ‘निकन्ति’, म्हणजे आधीच्या नऊंची चटक. बैठक चांगली झाली म्हणून खूश झालीस तर वेदनेवरून तण्हेवर गेलीस, एवढं ओळख आणि पुन्हा श्वासाकडे ये.

तिसऱ्याबद्दल मी आई म्हणून जास्त जपून लिहिते. तण्हा तीन प्रकारची सांगितली आहे: कामतण्हा (विषयसुखाची), भवतण्हा (असत राहण्याची) आणि विभवतण्हा. विभवतण्हा म्हणजे ‘नकोच हे सगळं, नसलेलंच बरं’ ही ओढ. थकलेल्या माणसाला जन्ममरणातून सुटका हे शब्द गोड लागतात, आणि तो या ओढीलाच वैराग्य समजतो. ती सुटका नव्हे. साखळीतली आठवी कडी आहे ती, जिच्यातून पुढचा जन्म होतो तीच. मन कधी तिकडे झुकलं तर ध्यान वाढवू नकोस. मला फोन कर, वेळ कुठलीही असो, आणि डॉक्टरांकडे जा.

टप्प्यांचंही थोडं कळलेलं बरं, कारण ‘ज्ञानप्राप्ती’ म्हणजे एकदाच पडणारी वीज अशी समजूत असते. दहा संयोजनं म्हणजे बेड्या सांगितल्या आहेत. पहिल्या तीन तुटल्या की सोतापन्न: देह-मन म्हणजेच मी ही दृष्टी, शंका, आणि व्रतवैकल्यांनीच सुटका होते हा आग्रह. सोतापन्नाला जास्तीत जास्त सात जन्म, आणि दुर्गती नाही. पुढचा सकदागामी, त्याचे राग, द्वेष, मोह पातळ होतात, तुटत नाहीत. कामराग आणि पटिघ पूर्ण गेले की अनागामी. चित्त नावाचा गहपती हा संसारी माणूस, पण खालच्या पाचही बेड्या तुटल्याचं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आहे, तेव्हा हे फक्त चीवरधाऱ्यांचं काम नव्हे. उरलेल्या पाच, रूपराग आणि अरूपराग (सूक्ष्म लोकांत जन्मण्याची ओढ), मान (‘मी आहे’ हा भाव), उद्धच्च (चंचलता) आणि अविज्जा, तुटल्या की अरहंत, म्हणजे पूर्ण मुक्त. आजच्याच पौर्णिमेला सारनाथला पहिलं प्रवचन झालं तेव्हा पाचांतल्या फक्त कोण्डञ्ञाला धम्मचक्षू मिळाला, ‘जे जे उत्पन्न होणारं ते ते निरुद्ध होणारं’. पाचही जण अरहंत झाले ते नंतर, अनात्म्यावरचं दुसरं प्रवचन ऐकताना.

यातली ‘मान’ ही बेडी इतकी वर का, असं तुला वाटेल. खेमक भिक्खू आजारी असताना थेरांनी, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंनी, त्याला खोदून विचारलं. तो म्हणाला, पाच खंधांपैकी, म्हणजे देह-मनाच्या पाच गठ्ठ्यांपैकी, एकालाही मी ‘हा मी’ म्हणत नाही, पण ‘मी आहे’ हे अजून गेलेलं नाही. धोब्याने खार आणि शेण लावून धुतलेल्या कपड्याला त्या खाराचा वास उरतो, तसं. कपडा स्वच्छ आहे, वास आहे. हे बोलता बोलताच त्याची सुटका झाली, आणि ऐकणाऱ्या साठ थेरांचीही, असं सुत्तात, म्हणजे त्या प्रवचनात, आहे. ‘सुटतं कोण’ हे विचारणारा जो आहे तो हा वासच असेल का, हे बघायला हरकत नाही.

आपला किनाराही या गोष्टीत आहे, म्हणून बाहियाचं सांगते. हा सुप्पारकचा, म्हणजे वसईकडच्या सोपाऱ्याचा. तिथेच पुढे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. झाडाच्या साली नेसायचा, लोक त्याला अरहंत मानायचे, तोही मानू लागला होता. तू अरहंत नाहीस आणि त्या वाटेवरही नाहीस, असं सांगणारं कुणी भेटल्यावर तो थेट सावत्थीला (श्रावस्तीला) गेला आणि भिक्षेला निघालेल्या बुद्धाला रस्त्यात गाठून आत्ताच्या आत्ता सांग म्हणाला. दोनदा नकार मिळाला, तिसऱ्यांदा उत्तर: ‘पाहिलेल्यात फक्त पाहिलेलं असू दे, ऐकलेल्यात फक्त ऐकलेलं, हुंगलं-चाखलं-स्पर्शलं त्यात फक्त तेवढंच, जाणलेल्यात फक्त जाणलेलं. मग त्यात तू नाहीस. इथे नाहीस, तिथे नाहीस, मध्येही नाहीस. दुःखाचा अंत तो हाच.’ बाहिया तिथल्या तिथे मुक्त झाला, आणि थोड्याच वेळात वासरू असलेल्या गायीने त्याला शिंगावर घेऊन मारलं. बारा कड्यांचं सगळं काम या चार वाक्यांत आहे. पण त्याला लागला तसा अर्थ एका ऐकण्यात सगळ्यांना लागत नाही. झटपट कळणाऱ्यांत बाहिया पहिला, असं बुद्धानेच म्हटलंय. आपल्या गोव्यातही खुणा आहेत. रिवणच्या गुंफा लोक पांडवांच्या म्हणतात, कोलवाळला मिळालेली बुद्धमूर्ती मुंबईला हेरास इन्स्टिट्यूटमध्ये आहे, आणि सांकवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली घर सोडून हेच शोधत निघाले, १९०२ साली सिलोनला भिक्खू झाले. विसुद्धिमग्ग देवनागरीत संपादित केला तो त्यांनीच. इंग्रजी पुस्तकं घेण्याआधी त्यांचं मराठी वाच.

पुनर्जन्म तुला पटत नाही, हे मला ठाऊक आहे. तुझ्यासारखा विचार करणारे पुष्कळ आहेत. डॉ. आंबेडकरांनी याचा अर्थ निराळा लावला: मेल्यावर देहातली पृथ्वी, आप, तेज, वायू ही तत्त्वं आपापल्या समूहाला मिळतात आणि त्यांतून नवी घडण होते, कुणाचा आत्मा दुसऱ्या देहात शिरत नाही. थेरवादी भिक्खू हे मान्य करणार नाहीत; ते जन्म अक्षरशः मानतात, आणि सुत्तांत तसं स्वच्छ लिहिलेलंही आहे. मी तुला एका बाजूला ओढत नाही. कालाम नावाच्या लोकांना बुद्धाने चार आश्वासनं दिली, त्यातली दोन तुझ्या कामाची आहेत. परलोक असेल, कर्माचं फळ असेल, तर निर्वैर चित्ताच्या माणसाला सुगती आहे. परलोक नसेल, फळही नसेल, तरी इथे याच जन्मी तो वैरावाचून, त्रासावाचून सुखात राहतो. एवढ्यावर सुरुवात करता येते.

आणि निब्बान मेल्यानंतरचं गाव नव्हे. इतिवुत्तक या पाली ग्रंथात त्याचे दोन प्रकार आहेत. अरहंत जिवंत असताना पाच इंद्रियं शाबूत असतात, आवडणारं-नावडणारं, सुखदुःख त्याला जाणवतं. संपलेले असतात ते राग, द्वेष आणि मोह. हे सउपादिसेस. देह पडल्यावरचं अनुपादिसेस. बुद्धाला ज्ञान झालं पस्तिसाव्या वर्षी, देह पडला ऐंशीव्या वर्षी. मधल्या पंचेचाळीस वर्षांत पाठ दुखली म्हणून ‘सारिपुत्ता, आज तू बोल, मी जरा आडवा होतो’ असं म्हणाल्याची नोंद आहे, पायात दगडाची कपची घुसल्याचीही. शरीराचा बाण सगळ्यांना लागतो. त्यावर आपण मनाचा दुसरा बाण मारून घेतो, तो त्याने मारून घेतला नाही. तेव्हा शिबिरात कंबर दुखली तर ‘माझं चुकतंय’ असं धरून बसू नकोस.

शिबिराचं वेळापत्रक कडक आहे. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, रात्री नऊपर्यंत. पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना. त्यानंतर रोज तीन तासिका अधिष्ठानाच्या, म्हणजे हातपाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं. दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटतं, अकराव्या दिवशी घर. नव्यांना संध्याकाळी चहा-फळं मिळतात, जुन्यांना तेही नाही. फी नाही, शेवटी इच्छेने दान. चौथ्या दिवसाआधी पळून यावंसं वाटेल. तो दिवस उलटू दे, मग ठरव.

इगतपुरीला या महिन्यात कपडे वाळत नाहीत, तेव्हा दोन जोड जास्त घे, आणि एक शाल. फोन, वही, पेन आत चालत नाही. फॉर्मवर आजार आणि औषधांचा रकाना आहे, तो खरा भर. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दहा दिवस बंद ठेवायच्या नाहीत, तिथे कुणी काहीही सांगितलं तरी.

तुझी
आई